चकतीची कड
(डिस्क गोल्फच्या ‘ड्रायव्हर’चा इतिहास आणि उमेदवार खेळाडूची निवड)

‘ड्रायव्हर’ हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोटारीच्या चाकामागे बसलेला गृहस्थ उभा राहतो. गोल्फ खेळणाऱ्या मंडळींना मात्र त्या शब्दाने लांब दांड्याची एक काठी आठवते. डावाचा पहिला, सर्वांत लांबचा टोला ज्या काठीने हाणावयाचा ती ड्रायव्हर. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला ड्रायव्हर या दोहोंहून निराळा आहे. तो एक वीतभर व्यासाची, प्लॅस्टिकची, धारदार कडेची चकती आहे.

डिस्क गोल्फ हा खेळ नावाप्रमाणेच गोल्फचा धाकटा भाऊ होय. चेंडूच्या जागी चकती, काठीच्या जागी खेळाडूचा स्वतःचा हात, आणि जमिनीतील खळग्याच्या जागी खांबावर बसविलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्यांची झालर असते. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली म्हणजे एक घर पूर्ण झाले. कमीत कमी फेकींत सर्व घरे जो पूर्ण करील तो विजयी. वाटेत झाडे असतात, ओढे असतात, चढउतार असतात. पहिली लांब फेक ड्रायव्हरने, मधली ‘मिडरेंज’ नावाच्या चकतीने, आणि टोपलीजवळची शेवटची फेक ‘पटर’ने करावयाची असा सर्वसाधारण क्रम आहे.

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या परदेशी खेळाचे काय प्रयोजन, असे काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या मंडळातील घरटी एक तरी मूल आज सातासमुद्रांपलीकडे आहे, आणि तेथील सार्वजनिक उद्यानांत हा खेळ बहुधा फुकट खेळावयास मिळतो. एक-दोन चकत्या विकत घेतल्या की कामकाज सुरू. आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा सोळा वर्षांचा मुलगा मिनेसोटात या खेळाच्या नादी लागला असून त्याने ‘मी कोणता ड्रायव्हर घ्यावा?’ असा प्रश्न आम्हांला पत्राने विचारला. प्रश्न लहान, परंतु त्याचे उत्तर दुकानाच्या फळीवर मिळत नाही असे आमच्या ध्यानात आले. ते या चकतीच्या इतिहासात आहे. ज्या क्रमाने चकत्या जन्माला आल्या त्याच क्रमाने त्या खेळाडूच्या हाती याव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि त्यासाठी तो क्रम प्रथम पाहिला पाहिजे.

आरंभ होतो तो बेकरीतून. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे शहर आहे. तेथे विल्यम रसेल फ्रिस्बी या गृहस्थाने १८७१ साली एक बेकरी घेतली आणि ‘फ्रिस्बी पाय कंपनी’ नावारूपास आणली. पाय हा पदार्थ ज्या पसरट पत्र्याच्या थाळीत भाजत ती थाळी, आतला ऐवज पोटात गेल्यावर, हवेत भिरकावण्याची टूम विद्यार्थ्यांत निघाली असे परंपरा सांगते. जवळच्याच येल विद्यापीठाचे नाव या कथेत हटकून येते. अशा कथांत पदरचा मसाला किती असतो हे आपण जाणतोच. तथापि बेकरीचे नाव पुढे जगभरच्या कोशांत गेले हे मात्र खरे.

‘चक्र तर आमचेच!’ असे कोणी म्हणेल. सुदर्शनचक्राची गोष्ट पुराणाकडेच असू द्यावी. परंतु शिखांच्या अकाली पथकांतील वीर पोलादी चक्रे पागोट्याभोवती बाळगीत आणि बोटावर फिरवून शत्रूवर सोडीत, हा इतिहास आहे. ते चक्र मधून मोकळे, कड्यासारखे असे, आणि त्याचे कार्य कापण्याचे. खेळाच्या चकतीचे पोट झाकलेले असते आणि कड खाली वळलेली असते. ते घराणे वेगळे आणि हे वेगळे.

त्या दुसऱ्या घराण्याचा मूळ पुरुष वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा होय. १९३७ साली, सतरा वर्षांचा असताना, त्याने पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण आपल्या प्रेयसीबरोबर फेकण्याचा खेळ आरंभिला. झाकणाला पोचे पडू लागले तेव्हा ही दोघे केकची थाळी वापरू लागली. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर त्यांचा खेळ चालू असता एकाने ती थाळी पंचवीस सेंटला मागितली. बाजारात तिची किंमत होती पाच सेंट. मॉरिसनच्या मनात धंद्याचे बीज पडले ते त्या वाळूत. मध्ये महायुद्ध आले. तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला, पाडला गेला, युद्धकैदी झाला. परंतु पंख हवेला कसे तोलतात याचे ज्ञान घेऊन परतला, आणि १९४६ साली त्याने चकतीचा आराखडा कागदावर काढला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे आपण स्वातंत्र्याची वाट पाहत होतो त्या १९४७च्या जूनमध्ये, अमेरिकेतील एका खाजगी वैमानिकाने आकाशात चमत्कारिक वस्तू पाहिल्याची वार्ता दिली आणि ‘उडत्या तबकड्यां’चे खूळ देशभर पसरले. मॉरिसनने संधी साधली. वॉरन फ्रान्सिओनी या भागीदारासह त्याने १९४८ साली प्लॅस्टिकची चकती बाजारात आणली, तिचे नावच ‘फ्लाइंग सॉसर’. १९५५ साली सुधारलेली ‘प्लूटो प्लॅटर’ आली. जानेवारी १९५७ मध्ये व्हॅम-ओ या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव लागले. मॉरिसनला ते नाव मुळीच रुचले नव्हते. त्या नावावर त्याला जन्मभर मानधन मिळत राहिले, हा भाग निराळा. मूळ बेकरी १९५८ साली बंद पडली.

परंतु प्लूटो प्लॅटर हे खेळणे होते. त्याचे साधन झाले ते व्हॅम-ओमधील एड हेड्रिक या माणसामुळे. चकतीच्या पाठीवर त्याने एकात एक अशी बारीक वर्तुळाकार वरंबेवजा कडी उठविली. त्यामुळे वरून वाहणारी हवा आवरली जाऊन फेक अधिक सरळ आणि भरवशाची झाली. १९६४ साली या धर्तीची ‘प्रोफेशनल’ चकती निघाली, १९६७ साली त्याला एकस्व मिळाले. चकती नेम धरून फेकता येते असे एकदा ठरल्यावर नेमासाठी लक्ष्य हवे. गोल्फच्या धर्तीवर चकत्या फेकण्याचे तुरळक प्रयोग पूर्वीही झाले होते. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९२६च्या सुमारास काही शाळकरी मुले डब्यांची झाकणे असाच खेळ मांडून फेकीत. कॅलिफोर्नियात जॉर्ज सॅपनफील्ड याने १९६५ साली उद्यानातील मुलांना तो खेळविला. परंतु १९७५ साली हेड्रिकने लॉस एंजेलिसच्या जवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले, तेथून खेळाला पत्ता मिळाला. प्रथम तेथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. त्यावर उपाय म्हणून साखळ्या आणि टोपली आली, आणि १९७७ साली तिचेही एकस्व हेड्रिकला मिळाले. १९७६ साली त्यानेच व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापिली. सभासद क्रमांक एक अर्थातच त्याचा.

येथवर ‘ड्रायव्हर’ जन्मलेला नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. १९७९ साली हंटिंग्टन बीच येथे पन्नास हजार डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली, तीतही खेळाडूंच्या हातांत गोल, बोथट कडेच्या चकत्याच होत्या. अशी चकती हवेत छान तरंगते, परंतु तिची कड भिंतीसारखी हवेवर धडकते. कितीही जोर लावला तरी एका मर्यादेपलीकडे ती जात नाही. जोर फार झाला तर उलटून पडते.

ही मर्यादा फोडली डेव्ह ड्यूनिपेस याने. १९८३ साली त्याने कड बाहेरच्या बाजूस दोन्हीकडून उतरती केली. भिंतीची पाचर झाली. व्यास लहान झाला, वजन कडेकडे सरकले, आणि चकती हवा कापीत जाऊ लागली. त्याच वर्षी त्याने इतर सहकाऱ्यांसह इनोव्हा ही कंपनी काढली आणि ‘ईगल’ नावाची चकती केली. आमच्या मते या खेळाच्या इतिहासात दोनच खरे कालखंड आहेत : १९८३ पूर्वीचा आणि नंतरचा. त्या दिवसापासून चकत्यांत वर्णव्यवस्था आली. बोथट कडेच्या त्या पटर, अरुंद पाचरीच्या त्या मिडरेंज, रुंद पाचरीच्या त्या ड्रायव्हर. १९८७ साली निघालेली ‘रॉक’ ही मिडरेंज तर अनेक वर्षे जाणत्यांच्या झोळीतून हलली नाही.

कडेच्या एवढ्याशा उताराने एवढा फरक का पडावा? येथे आपला भोवरा मदतीस येतो. फिरत्या भोवऱ्याला बोटाने एका बाजूस ढकलले तर तो त्या बाजूस पडत नाही, तिच्याशी काटकोनात झुकतो. चकती हा आडवा उडणारा भोवराच होय. उजव्या हाताने, हात डाव्या कुशीकडे नेऊन तेथून पुढे झटकून फेकली तर ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेगात असताना हवेचा उचल देणारा जोर तिच्या मध्याच्या किंचित मागे लागतो, म्हणजे हवा तिचे नाक खाली दाबू पाहते. भोवऱ्याच्या न्यायाने चकती नाक न खुपसता उजवीकडे कलते. वेग ओसरला की हाच जोर मध्याच्या पुढे येतो, हवा नाक वर उचलू पाहते, आणि चकती डावीकडे कलते. म्हणून चांगल्या फेकीची वाट इंग्रजी एस अक्षर ताणून धरल्यासारखी दिसते : प्रथम जरा उजवीकडे, शेवटी डावीकडे. डावखुऱ्यांनी दिशा उलट समजाव्यात.

आता मुख्य मुद्दा. चकती जितकी वेगवान घडविलेली, तितका तिला तोलून धरण्यासाठी वेग अधिक लागतो. तो हातात नसेल तर तिच्या उड्डाणाचा पहिला अंक होतच नाही, दुसराच सुरू होतो. हातातून सुटल्यासुटल्या ती डावीकडे वळून जमिनीत घुसते. जलद चकती मंद हातात मंद चकतीहून जवळ पडते, हे नवख्याला काही केल्या पटत नाही. बाण मोठा घेतला तर धनुष्यही तसेच हवे.

दुकाने मात्र बाणच विकतात. १९८३ नंतरची शर्यत पाहावी. नव्वदीच्या दशकात मध्यम वेगाचे ड्रायव्हर स्थिरावले. १९९८ साली स्कॉट स्टोकली याने सुमारे २११ मीटरांची फेक केली. २००० साली अधिक रुंद कडेची ‘व्हॅल्किरी’ आली, आणि २००२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात स्वीडनच्या ख्रिश्चन सँडस्ट्रम याने तीच चकती २५० मीटर फेकली. कड रुंद करण्याची जणू चढाओढ लागली. ‘रेथ’, ‘डिस्ट्रॉयर’, ‘बॉस’ — नावे पाहिली तरी निर्मात्यांचा आवेश कळतो. शेवटी संघटनेला कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरांवर बांधून टाकावी लागली. २०१६ साली नेवाडातील प्रिम येथे डेव्हिड विगिन्स या तरुणाने वाऱ्याची पाठ घेऊन ३३८ मीटरांची फेक केली. हे विक्रमवीर वर्षानुवर्षे राबलेले आणि वारा पाहून फेकणारे, ही गोष्ट जाहिरातीच्या अक्षरांत मावत नाही. २०२१ साली पॉल मॅकबेथ या जगज्जेत्याशी डिस्क्राफ्ट कंपनीने दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला. विजेत्याच्या नावाची चकती घेतली की त्याचा हातही बरोबर येतो अशी पोरांची समजूत झाल्यास नवल नाही.

मिनेसोटाच्या चिरंजीवांचे नेमके हेच झाले होते. खाऊचे पैसे साठवून त्याने वेग १३ ची चकती घेतली. ती डावीकडे पडते म्हणून अधिक जोर, जोर लावूनही पडते म्हणून आणखी जोर. तीन आठवड्यांत खांदा आणि कोपर दुखू लागून वडिलांनी खेळच बंद करण्याचा विचार बोलून दाखविला. परदेशात एकलकोंडा झालेला मुलगा या खेळामुळे चार मित्रांत मिसळू लागला होता, म्हणून आईचा जीव अडकला. आम्ही त्याला लिहिले ते थोडे विस्ताराने येथे देतो.

चकतीवर चार आकडे छापलेले असतात. ही इनोव्हाची पद्धत असून इतरांनीही बहुतांशी उचलली आहे. पहिला आकडा वेग, १ पासून १४-१५ पर्यंत. दुसरा तरंगण्याची शक्ती. तिसरा आरंभीचा उजवा कल, जो उणे चिन्हाने दाखवितात. उणे जितके मोठे तितकी चकती उजवीकडे अधिक वळते. चौथा शेवटचा डावा कल. नवखा पहिला आकडा वाचतो आणि थांबतो. आमची विनंती अशी की, पहिला आकडा शेवटी वाचावा. शिकाऊ हाताला हवी असते ती तिसऱ्या घरात उणे एक किंवा दोन आणि चौथ्या घरात एक असलेली चकती. ‘लेपर्ड’ घ्या : ६, ५, उणे २, १. तिचा वेग मध्यम, म्हणून ती साध्या हाताच्याही आज्ञेत राहते. उजवा कल आहे म्हणून उड्डाणाचा पहिला अंक दिसतो. डावा कल थोडा म्हणून शेवट सौम्य. तिच्याच शेजारची ‘टीबर्ड’ ७, ५, ०, २ अशी. ती नेमाला उत्तम, परंतु उजवा कल शून्य असल्याने हात जरा तयार झाल्यावर घ्यावी. याच्या उलट ‘डिस्ट्रॉयर’ १२, ५, उणे १, ३. त्या शेवटच्या तिनातच चिरंजीवांचा खांदा गेला.

लेपर्ड आणि टीबर्ड या नव्वदीच्या दशकातल्या चकत्या. म्हणजे निवड अशी झाली : आधी पटर आणि मिडरेंज, ऐंशीच्या दशकाची शिदोरी, मग नव्वदीचा मध्यम ड्रायव्हर, त्यानंतर व्हॅल्किरीसारखा ९ वेगाचा, आणि त्यापुढचे शतक हाताने मागितले तरच. हात मागतो हे कसे ओळखावे? मध्यम ड्रायव्हर निर्वाऱ्या दिवशी, सपाटीवर, दहांतून सातआठ वेळा नव्वद मीटरांच्या आसपास सरळ जाऊ लागला म्हणजे. हा अनुभवी खेळाडूंचा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

वजनाचाही विचार करावा. नियमाप्रमाणे चकतीचे वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि व्यास २१ सेंटिमीटरांहून कमी नसावा. त्यामुळे ड्रायव्हर बहुधा १७५ ग्रॅमांच्या आसपास थांबतो. दुकानदार तेच वजन पुढे करतो, कारण वाऱ्यात ते टिकते. सोळा वर्षांच्या मुलाने किंवा हलक्या हाताच्या व्यक्तीने दीडशे ते एकशे पासष्टांतले घ्यावे. हलकी चकती कमी श्रमात वेग घेते आणि उजवा कलही सहज दाखविते. कडेच्या रुंदीचे तसेच. मध्यम ड्रायव्हरची कड पावणेदोन सेंटिमीटरांच्या आतबाहेर असते, अतिवेगवानांची अडीचला टेकते. आपल्याकडील मुलांचे पंजे पुष्कळदा लहान असतात. बोटे कडेच्या आत नीट बसली नाहीत तर पकड सैल राहते, आणि सैल पकडीची चकती कोठे जाईल ते तिचे तिलाच ठाऊक.

राहिला प्लॅस्टिकचा प्रश्न. स्वस्त प्लॅस्टिकची चकती झाडांवर आदळून लवकर झिजते, महागडी वर्षानुवर्षे तशीच राहते. व्यवहारी मराठी मन लगेच महागडीकडे वळेल. येथे मात्र काटकसर आणि शहाणपण एकाच बाजूला आहेत. स्वस्त चकतीची कड जसजशी झिजते तसतसा तिचा डावा कल घटतो आणि उजवा वाढतो. म्हणजे तीच चकती दर हंगामाला थोडी निराळी होते, आणि तिच्या वागण्यातला बदल पाहत पाहत खेळाडूला हवेची भाषा कळू लागते. एकाच जातीच्या दोन-तीन चकत्या, एक नवी, एक मध्यमवयीन, एक जराजर्जर, अशा बाळगणारे जुने खेळाडू आहेत. डावीकडच्या वळणाला नवी, सरळ वाटेला मधली, उजवीकडच्या वळणाला म्हातारी.

चिरंजीवांनी १५९ ग्रॅमांची, सर्वांत स्वस्त प्लॅस्टिकची लेपर्ड घेतली. मध्यंतरी आलेल्या पत्रात खांद्याचा उल्लेख नाही. रविवारच्या चमूत आणखी दोन भारतीय मुले आली असून त्यांतले एक नागपूरकडचे आहे असे तो लिहितो. एक-दोन फेका झाडाला लागून लेपर्डची कड एके ठिकाणी उलली आहे, ती घासून सारखी करावी की तशीच ठेवावी, असा त्याचा नवा प्रश्न आहे. बाहेर आलेली टोचणारी कोर तेवढी काढावी आणि बाकी तशीच ठेवावी, असे आम्ही कळविले आहे.